तुषारभाऊजींनी थांबवलेली ज्योत

माझे धाकटे दीर तुषार नेहमी समुद्राकडे पाठ करून बसतात. लहानपणी वडिलांबरोबर मासेमारीला गेले असताना बोट उलटली. वडिलांनी त्यांना जाळ्याच्या तरंगत्या बोयांना बांधून पाण्यावर धरलं, म्हणून दोघेही वाचले. त्यानंतर भाऊजींनी बोटीत पाय ठेवला नाही. डहाणूला जाऊन कॉम्प्युटर दुरुस्ती शिकले आणि आमच्या चिखले गावच्या मच्छीमार सोसायटीत सर्व्हर सांभाळू लागले. माझे यजमान, नविन, त्यांना चिडवतात, "आमच्या घरचा हा एकच, पाण्याला भिणारा मासा."

सर्व्हर म्हणजे बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर. वादळाचा इशारा आला की भाऊजी त्यावरून सगळ्या बोटींना संदेश सोडतात. लहान बोटींवर वायरलेस नाही, आणि लांब पाण्यात मोबाईलची रेंज लाटेसारखी येते नि जाते. ती असेल तेवढ्यात संदेश उतरला पाहिजे. उतरला की पडद्यावर बोटीच्या नावापुढे हिरवी खूण येते.

त्याच मशीनवरून आमच्या देवीचं दर्शनही दिसतं. गाभाऱ्यात कॅमेरा बसवलाय. घरातला माणूस समुद्रावर गेला की आम्ही बायका दिवा लावतो आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत तो विझू देत नाही. घरच्या बाईशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. कॅमेरा आल्यापासून दिव्याशेजारी मोबाईलही असतो, देवी चालू ठेवलेला. तोही आम्ही दिव्यासारखाच सांभाळतो.

नवं मशीन घ्यायला सोसायटी तयार नव्हती. भाऊजींनी खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या वायरींच्या पिना कापून नव्या लावल्या, एका भंगार मशीनमधलं नेटवर्क कार्ड आणून बसवलं, नको ते प्रोग्रॅम काढले. सर्व्हर जरा पळू लागला. दर्शनाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

दिवाळीनंतरची दुपार होती. मी भाऊजींचा डबा घेऊन सोसायटीत गेले आणि बाहेर वाळत घातलेले बोंबील एकदम उलट्या दिशेला हलू लागले. वारा फिरला होता. आत भाऊजी पडद्याला डोळे लावून बसले होते.

"इशारा आलाय वहिनी. परत फिरा म्हणून संदेश सोडलाय. पण खुणा येत नाहीत."

पडद्यावर दोन-तीनच हिरव्या खुणा होत्या. नविनच्या बोटीपुढे काही नव्हतं. मी मोबाईलवर देवी लावायला गेले, तर भाऊजी ओरडले, "नको! तेच तर होतंय. वारा सुटला तशी गावातल्या प्रत्येक घरात देवी लागलीय. रेल्वे फाटक उघडल्यावर कशा गाड्या घुसतात, तसा तो व्हिडिओ निघालाय. माझा एवढासा संदेश मागे अडकलाय."

"मग बंद करा ना."

त्यांचा हात माऊसवर होता. "दादाचा दिवा तुमचा आहे. तुम्ही सांगा."

दारात मालूमावशी उभ्या होत्या. त्यांचा मुलगा भीमा नविनच्याच बोटीवर. "तुषऱ्या, देवी बंद करतोस? स्वतः कधी पाण्यात उतरत नाहीस, आणि आमच्या पोरांचे दिवे विझवतोस?"

"मावशी, पुरती बंद नाही करत. नुसता फोटो ठेवतो."

"फोटोत देवी जागी असते का रे?"

देवी रागावली तर? आणि संदेश गेलाच नाही तर? दोन्हीकडून नविनचाच चेहरा समोर येत होता. मी डोळे मिटून म्हटलं, "आई, तुझ्याच लेकरांसाठी थांब थोडी." मग भाऊजींना म्हणाले, "करा."

मावशींच्या मोबाईलवर समईची ज्योत हलता हलता थांबली. बाहेर बायकांचा गलका झाला, "देवी थांबली! देवी थांबली!" कोणीतरी रडू लागलं.

एक खूण आली. मग दुसरी. मग भराभर. नविनच्या नावापुढची जागा तशीच रिकामी. भाऊजी पडद्यासमोर हात जोडून बसले होते. कितीतरी वेळाने तिथे हिरवं उमटलं. मावशींनी मला घट्ट धरलं. पण खूण म्हणजे संदेश पोचला एवढंच. बोट पोचायची होती.

दिवस कलताना बोटी वाळूला लागल्या. नविनची सगळ्यांत शेवटी, अर्धी पाण्याने भरलेली. नविन म्हणाले, "एकदाच टिंग वाजलं. नंतर रेंज गेली ती आलीच नाही."

मावशींनी भीमाच्या पाठीत धपाटा घातला आणि मग भाऊजींना जवळ ओढलं.

आता भाऊजींनी तसंच बसवून टाकलंय. इशारा आला की आधी बोटींचे संदेश, आणि दर्शनाचा आपोआप फोटो. सगळ्या बायकांनी मान्य केलंय. मीही केलंय. तरी मोबाईलवरची ज्योत थांबलेली दिसली की मी धावत जाऊन आधी घरचा दिवा बघते, तो हलतोय ना.