मध्यंतरानंतरचा आवाज

तो माणूस मला पहिल्या भेटीतच आवडला नव्हता. पुण्याहून आलेला दिग्दर्शक. लहान मुलांसाठी कार्टून सिनेमा काढत होता आणि सिनेमा आमच्याकडच्या जंगलात घडत होता. चंद्रपुरात बसस्टँडमागे एक स्टुडिओ आहे, तिथं भीमगीतं आणि लग्नाची गाणी रेकॉर्ड होतात. तिथं त्यानं मला बोलावलं, माझ्याकडून चार ओळी वाचून घेतल्या आणि म्हणाला, "ताई, तुमचा आवाज अगदी कच्चा आहे. पॉलिश नाही. मला तोच हवाय."

मी कॉलेजात असल्यापासून झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या नाटकांत काम करते. दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिथं आमचे प्रयोग लागतात. हजारो माणसं धानाच्या तणसावर, सतरंजीवर बसून बघतात, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला माझा शब्द न् शब्द ऐकू जातो. त्या आवाजाला पॉलिश नाही म्हणणं ही स्तुती असते, असं त्याला कोणी शिकवलं कोण जाणे.

तशी अशा स्तुतीची मला सवय आहे. आमच्या नाटकात हिरोईन नागपूर-मुंबईहून आणतात, गोरी. मी मोलकरीण, सवत, खाष्ट सासू. कंपनीचा मालक म्हणतो, "बाई, तुले मेकअप केला तरी मान उघडी पडते." हे तो सगळ्यांसमोर म्हणतो आणि सगळे हसतात. मी पण हसायचे, आता हसत नाही.

तरी मी त्या सिनेमाला हो म्हटलं, त्याचं कारण माझी मुलगी. ती तेव्हा चौथीत होती. माझ्याहून सावळी. चंद्रपूर कोळशाचं गाव, त्यामुळे वर्गातली पोरं तिला 'खाणीतली' म्हणतात. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून ती माझ्यासोबत आली होती. दिग्दर्शकानं लॅपटॉप उघडून सिनेमातल्या मुलीचं चित्र दाखवलं. काळीभोर पोर, मोठे डोळे, पसरट नाक, कुरळे केस. माझी मुलगी खुर्चीवरून उठून लॅपटॉपजवळ गेली.

"आई, हे तं माझ्यावानी आहे," ती म्हणाली.

त्या एका वाक्यावर मी त्या माणसाला सगळं माफ केलं. फार काळ नाही टिकलं ते.

गोष्ट अशी होती. त्या जगात प्रत्येकजण छातीत एक विझलेला दिवा घेऊन जन्माला येतो. आपण कशासाठी जन्मलो हे ज्याला कळलं, त्याचा दिवा लागतो. या रानातल्या पोरीचा लागत नाही, म्हणून ती शोधायला निघते. गोष्ट वाईट नव्हती. मला तर वाटलं, चांगली आहे.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "तुम्ही आदिवासीच ना?"

"नाई. आमी बौद्ध. सावली तालुक्यातले. धानाची शेती आहे आमची."

"असू दे. पडद्यावर काय कळणार आहे?"

"हे पोरगी गोंडाची दाखवून राह्यले ना तुमी? मंग गडचिरोलीत चांगल्या पोरी आहेत नाटकात, गोंडी बोलणाऱ्या. एखादीले बोलवा."

"अहो, प्रेक्षकांना कळायला नको का?" तो म्हणाला आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

कागदावर 'मला'च्या जागी 'मले' आणि 'का'च्या जागी 'काऊन' जागोजागी पेरलं होतं, जेवणात मीठ कमी पडलं म्हणून वरून टाकावं तसं. शब्द आमचेच, पण आमच्याकडं कोणी तसं बोलत नाही. मी वाचलं. काचेपलीकडून त्याचा आवाज आला, "ताई, अजून थोडं रानटी."

"थोडं म्हणजे किती?"

"म्हणजे मुलं हसली पाहिजेत. तिनं पहिल्यांदाच आरसा पाहिलाय. ती घाबरून किंचाळते."

"भाऊ, आमच्याकडं आरसे आहेत."

रेकॉर्डिंगवाला गालातल्या गालात हसला. दिग्दर्शकाचं तोंड उतरलं. "तुम्ही फक्त वाचा," तो म्हणाला, "लिहायला आम्ही आहोत."

मी हेडफोन काढून टेबलावर आपटला, बाहेर जाऊन चहा प्यायले आणि परत येऊन किंचाळले. तसंच, त्याला हवं तसं. काम घेतलं होतं आणि ते मी पूर्ण केलं, याची मला लाज नाही. नाटकात मी झाडू हातात घेऊन मालकिणीच्या लाथाही खाल्ल्या आहेत. पण मी मनातून त्या माणसावर दात धरला तो तेव्हापासून. मध्यंतरापर्यंतचा भाग रेकॉर्ड झाला. पुढचं लिहून व्हायचंय, कळवतो, असं म्हणून तो गेला. त्यानं कळवलं नाही.

नंतर एकदम निमंत्रणच आलं. चंद्रपुरातल्या एका टॉकीजमध्ये शाळेच्या मुलांसाठी खास खेळ आणि त्यानंतर स्थानिक कलाकारांचा सत्कार. माझा नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे, त्यानं सुट्टी टाकली. मुलीनं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. तिचा वर्गही आला होता, पण ती आमच्यात बसली, पुढच्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीवर.

सिनेमा सुरू झाला. ती पोर झाडावरून उतरली आणि माझ्या आवाजात बोलली, आणि टॉकीज हसली. मला बरं वाटलं. नटाला लोक हसले की बरं वाटतंच. मग ती धावली, लोक हसले. आरशासमोर किंचाळली, लोक लोळले. तिच्या वस्तीतली सगळी माणसं एकाच साच्यातून काढल्यासारखी होती, तेच नाक, तेच ओठ, कोण बाप आणि कोण काका ओळखू येऊ नये. पोर मेलेल्या आईच्या आठवणीनं रडली, ते वाक्य मी मनापासून बोलले होते. मागून कोणीतरी "मले, मले" करून नक्कल केली आणि रांगच्या रांग खिदळली.

जंगलात हरवलेला शहरातला एक गोरा मुलगा तिला भेटला. मध्यंतर झालं. मध्यंतरानंतर तिला कळतं की आपला जन्म या मुलाला त्याच्या बापाकडं पोचवायला झाला आहे. ती त्याला पाठीवर घेऊन नदी ओलांडते आणि तिचा दिवा लागतो. उजेड छातीतून वर चढतो. तिचे हात, मान, तोंड हळदीसारखं होतं, मग गव्हासारखं. केस सरळ होतात. मग ती तोंड उघडते.

"आता मला कळलं, मी कशासाठी जन्मले."

स्वच्छ, गोड, पुण्याचा आवाज. कुणा दुसरीचा.

अख्खी टॉकीज चिडीचूप झाली. माझी मुलगी मोठ्यानं म्हणाली, "आई, हे तू नाईस." कोणीतरी "शूऽऽ" केलं. सिनेमा संपेपर्यंत तीच दुसरी बोलत राहिली.

दिवे लागले. स्टेजवर आम्हाला शाल दिली, नारळ दिला. दिग्दर्शकानं मुलांना सांगितलं की प्रत्येकाच्या आत एक दिवा असतो. मग माईक माझ्या हातात आला, दोन शब्द बोला म्हणून.

मी म्हटलं, "मले एकच विचाराचं आहे. दिवा लागल्यावर पोरीची भाषा कुठी गेली?"

तो समजुतीनं हसला, हट्टी मुलाकडं बघून हसतात तसा. "ताई, तिला तिचा आतला आवाज सापडतो."

"आतला आवाज पुण्याचा निघाला मंग."

कोणीतरी शिटी मारली. मी थांबले नाही. "अन् रंग?"

"तो रंग नाही. प्रकाश आहे."

"प्रकाश आमच्या अंगावर बी पडते, भाऊ. आमी गोरे नाई होत. इथी बसलेल्या पोरायले तुमी काय सांगितलं? आधी काळं अन् येडं राहाचं, मंग गोऱ्याची सेवा केली की उजळाचं. तिच्या जन्माचं काम काय, तं त्या पोट्ट्याले घरी सोडून देनं. एवढंच? त्याच्या जन्माचं काम कोणी काऊन विचारलं नाई?"

आयोजकानं माईक घेतला. घेतला म्हणजे हिसकावलाच. मागून कोणा मुलाचा बाप ओरडला, "ओ बाई, घरी जाऊन भांडा नं! पोट्ट्यायले भूक लागली!" टाळ्या पडल्या त्याला. माझ्या सत्काराला पडल्या होत्या त्याहून जास्त. दिग्दर्शक परका होता. हा आमचा होता, आमच्यासारखा काळा, आमच्यासारखं बोलणारा. ते मला जास्त लागलं.

बाहेर गाडीजवळ दिग्दर्शकानं मला गाठलं. आता तो हसत नव्हता.

"सिनेमाच्या शेवटी तुमचं नाव आहे ना? मग तमाशा कशाला?"

"नावापुढं 'लहानपणीचा आवाज' लिहिलं आहे. सिनेमात सगळं आठवडाभरात होते. तिचं लहानपण कधी सरलं?"

"मोठ्या कामाची संधी दिली तुम्हाला. तुमच्यासारख्यांमुळेच इथले कलाकार इथेच राहतात."

"इथी राहणं म्हणजे शिक्षा आहे का?"

त्यानं गाडीचं दार लावून घेतलं. माझा नवरा मोटारसायकल घेऊन उभा होता, त्यानं ऐकलं होतं सगळं. घरी आल्यावर म्हणाला, "खरं बोलली. पण चुकीच्या जागी बोलली."

"मंग बरोबर जागा कोणती, सांगा."

तो हातपाय धुवायला गेला. मुलगी आमच्यासोबत जेवायला बसली नाही. वर्गासमोर मी तिची इज्जत घालवली, एवढंच बोलली आणि चादर ओढून झोपली.

दुसऱ्या दिवसापासून ती बदलली. "मला पाणी हवं आहे." "मी शाळेत जाते आहे." त्या दुसरीच्या सुरात, शब्द चावून चावून. सिनेमातली मध्यंतरानंतरची वाक्यं तिनं पाठ केली होती, अंघोळ करताना म्हणायची. मी भडकले. "इथी कोण पुण्याचं बसून आहे, कोणाले ऐकवून राह्यली?" ती म्हणाली, "तुला काय त्रास होतो आहे?" मी हात उगारला आणि खाली घेतला. त्यानंतर आम्ही दोघी कामापुरतं बोलत होतो.

मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं आणि तिच्या बाईंनी त्याच सिनेमातला प्रवेश बसवायला घेतला. माझी मुलगी निवडली गेली. मध्यंतरापर्यंत. दिवा लागल्यानंतरची पोर म्हणून वर्गातली दुसरी मुलगी, गोरी. माझ्या मुलीला तर पुढचंच पाठ होतं. तिनं बाईंना विचारलं, तर बाई म्हणाल्या, तुझ्या अंगावर लाइट उठून दिसणार नाही.

हे तिनं मला वेणी घालून घेताना सांगितलं, रडली नाही. मी तशीच उठून तिच्यासोबत शाळेत गेले.

बाई वरोऱ्याच्या, म्हणजे इथल्याच. रंगानं माझ्याहून फार उजळ नाहीत. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "सिनेमातच तसं आहे, मॅडम. अन् त्यात आवाज तुमचाच आहे नं? तुमी केलं तं चालते, आमी केलं तं भांडाले येता?"

"मी केलं म्हणूनच सांगून राह्यली. नाटक एकीनंच करावं. नाई तं करू नका."

"मुलगी तुमची आहे, शाळा नाई."

आवाज चढले. शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लटकली. मुख्याध्यापिका आल्या, त्यांनी दोघींचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तो प्रवेशच रद्द केला. माझ्या मुलीला समूहनृत्यात टाकलं, मागच्या रांगेत.

संध्याकाळी ती घरात आली तीच दप्तर फेकत. "तू कायले आली होती शाळेत? कोणी बलावलं होतं तुले?"

"त्या बाई तुले गोरी नाई म्हणून काढून राह्यल्या होत्या..."

"मले माहीत आहे! तुले काय वाटते, मले गोरं व्हाचं होतं?"

"मंग दिवसभर ते दुसरीचं घोकत कायले होती?"

"दिवा लागल्यावर तिले कोणी हासत नाई!" ती ओरडली. "तू बोलत होती तेव्हा पुरी टॉकीज हासत होती. आरशात पाह्यलं तरी हासत होते. तिची आई मेली तरी हासत होते. माझ्या वर्गातले बी. ते दुसरी बोलली अन् सगळे गप बसले. मले तेच गप पाह्यजे होतं. एक डाव."

मी तिच्याजवळ जायला निघाले. तिनं मला ढकललं, पण बाहेर गेली नाही. तिथंच भिंतीला टेकून बसली. मीही समोर बसले. स्टेजवर मी रंगावरून बोलले होते, भाषेवरून बोलले होते, आणि ते खोटं नव्हतं. पण माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून माझी मुलगी आपल्या आईच्या आवाजावर हसणारी टॉकीज ऐकत होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला दिग्दर्शकाचा नव्यानं राग आला. त्या ओरडणाऱ्या बापाचा आला. राग कमी होईल असं वाटलं होतं, तो वाढला.

"मी बोलली ते हासासारखं होतं का?" मी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "आई मेल्यावरचं तं नाईच."

स्नेहसंमेलनाला ती गेली नाही. मागच्या रांगेत नाचणार नाही म्हणाली, मी आग्रह केला नाही. बाईंनी वहीत शेरा मारला, आम्ही त्याखाली सही करून दिली.

उन्हाळ्यात दिग्दर्शकाचा फोन आला. जणू काही झालंच नव्हतं. सिनेमाचा दुसरा भाग काढतोय म्हणाला. "यावेळी पूर्ण तुमचाच आवाज, ताई. ती जंगलात परत जाते."

"परत गेल्यावर तिचा रंग?"

"ते अजून ठरायचंय."

"अन् ते करते काय तिथी?"

"तेही लिहितोय. मुलगा परत येतो तिला भेटायला..."

मी फोन ठेवला. मुलीनं विचारलं, कोण होतं. मी सांगितलं. ती गणित सोडवता सोडवता म्हणाली, "तू हो म्हणाचं होतं."

"काऊन?"

"तू नाई केलं तं दुसरी कोणी करन. अन् ते किंचाळन बी."

मी म्हटलं, किंचाळू दे, माझ्या तोंडून नाई निघणार. ती म्हणाली, मग सिनेमातल्या पोरीचं काय. यावर आम्ही त्या दिवशी भांडलो, नंतरही भांडलो, आणि आमचं अजून एकमत झालेलं नाही.