डाव्या खांद्याची रायफल

समजा, तुम्ही पोटावर झोपला आहात. दोन्ही कोपरं चटईवर, गाल रायफलीच्या लाकडी दस्त्यावर, एक डोळा मिटलेला. समोर पंचवीस यार्डांवर पांढरा कागद, त्यावर काळी वर्तुळं. तुम्ही श्वास रोखता, ट्रिगर दाबता, गोळी सुटते. आता दुसरी भरायची. त्यासाठी बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढायची. पण मूठ उजव्या बाजूला आहे आणि तुम्ही डावखुरे आहात. म्हणजे ट्रिगरवरचा डावा हात काढायचा, रायफलीवरून पलीकडे न्यायचा, मूठ ओढायची, गोळी ठेवायची, मूठ पुढे ढकलायची आणि हात परत जागेवर आणायचा. तोवर गाल सरकलेला असतो, कोपर हललेलं असतं. सगळं पहिल्यापासून मांडायचं. असं दहा वेळा. करून बघा.

वीणा खासनीस हे वयाच्या साठाव्या वर्षी, दर गुरुवारी संध्याकाळी, बर्मिंगहॅममधल्या एका जुन्या कारखान्याच्या तळघरात करत होत्या. वर गाद्यांचं गोदाम, खाली शूटिंग क्लब. त्यांची उंची पाच फूट. क्लबात डावखुऱ्यांसाठी रायफल एकच होती आणि ती ज्याच्या मापाने बनवली होती तो माणूस साडेसहा फुटांचा असावा. तिचा दस्ता खांद्याला टेकवला की वीणाताईंचा पुढचा हात पुरायचाच नाही, म्हणून त्या उजव्या हाताचीच वापरायच्या. त्यात उजव्या खांद्याच्या सांध्याची झीज सुरू झालेली. हात लांब केला की आतून काहीतरी कुरकुरायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं.

तरीही त्या जायच्या. अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्ताच्या पेशी मोजल्यावर निवृत्तीत माणूस बागकाम करतो, नाहीतर मंडळाच्या गणपतीचे मोदक. वीणाताईंना हवी होती ती एकच गोष्ट. एकदा तरी आपल्या डाव्या खांद्यावरून, घाई न होता, ओढाताण न होता दहा गोळ्या मारायच्या. ती ओढ सांगलीची होती. कॉलेजात असताना, सहासष्ट साली, एनसीसीत त्यांच्या हातात पहिल्यांदा रायफल आली. त्यांनी ती आपसूक डाव्या खांद्याला लावली. हवालदाराने ती काढून उजव्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाला, "पोरी, सरकार डाव्या हाताची बंदूक बनवत नाही." दोन वर्षं त्या उजवीकडून मारत राहिल्या. वाईट मारत नव्हत्या. राज्याच्या संघासाठी निवडचाचणी झाली तेव्हा दोन गुणांनी राहिल्या. मग एमएससी, लग्न, बर्मिंगहॅम, मीनलचा जन्म, लॅबच्या शिफ्ट. एकोणचाळीस वर्षं रायफलीचं नाव नाही. पण बसस्टॉपवर उभं असताना त्यांचा डावा डोळा समोरच्या दिव्यावर आपोआप नेम धरायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

क्लबचा सेक्रेटरी डेरेक हा निवृत्त टूलमेकर. तो त्यांची ही धडपड तीन गुरुवार बघत होता. चौथ्या गुरुवारी त्याने आपली पेटी उघडली आणि एक काळी रायफल त्यांच्या पुढ्यात ठेवली.

वीणाताई एक पाऊल मागे सरकल्या. टीव्हीवर लढाईच्या बातम्यांत दिसते तसली ती होती. ना लाकूड, ना झळाळी. कुणीतरी पाइप, प्लास्टिक आणि स्क्रू एकत्र जोडल्यासारखी.

"दिसते वाईट," डेरेक म्हणाला. "पण आत आपल्या क्लबातल्या रायफलीचीच पॉइंट टू-टूची बारकी गोळी आहे. लाव खांद्याला. डाव्या."

त्याने दस्त्याखालचा एक खटका दाबला आणि दस्ता मागच्या नळीवरून पुढे सरकवला. एक खाच, दुसरी, तिसरी, चौथी. रायफल छत्रीच्या दांड्यासारखी आखडली. वीणाताईंनी ती उचलली. हलकी होती, अल्युमिनियमची. दस्ता खांद्यात बसला आणि पुढचा हात कोपरात वाकलेला असतानाच पोचला. खांदा कुरकुरला नाही. सेफ्टी दोन्ही बाजूंना होती. गोळी सुटली की पुढची आपोआप भरायची, त्यामुळे हात कुठेच न्यायचा नव्हता. रिकामी पुंगळी उजवीकडून उडायची खरी, म्हणजे डावखुऱ्याच्या अगदी नाकासमोरून. पण तिथे एक छोटासा उंचवटा होता, त्याला आपटून ती पुढे जायची.

त्या दिवशी त्यांनी दहा गोळ्या मारल्या आणि कागद न बघताच चटईवर पडून राहिल्या.

"काय झालं?" डेरेकने विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "एक मिनिट."

मग त्यांच्या लक्षात आलं की क्लबातले निम्मे लोक अशीच रायफल वापरतात. व्हीलचेअरवरची एक नर्स दस्ता आखूड करायची आणि टेबलावरून मारायची. एक बाप आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी, दोघांत मिळून एकच रायफल. बाप उठला की मुलगी दोन खाचा कमी करून झोपायची. सैन्यातून आलेल्यांचे हात या बनावटीला आधीच सरावलेले. दुर्बीण बदला, नळी बदला, मूठ बदला, घरच्या टेबलावर दोन पिना काढून सगळं होतं, त्यासाठी कारागिराकडे जावं लागत नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या गोळीच्या सेल्फ-लोडिंग, म्हणजे आपोआप भरणाऱ्या रायफली अठ्ठ्याऐंशीपासून बंद आहेत, म्हणून याच बनावटीच्या मोठ्या रायफलीचा बोल्ट इथे दर गोळीनंतर हाताने ओढावा लागतो. बारक्या गोळीला ती अट नाही. जुने मेंबर नाक मुरडायचे. "ही रायफल नाही, पोरांचा जोडाजोडीचा मेकॅनो आहे," असं एक आजोबा दर आठवड्याला म्हणायचे आणि डेरेक दर आठवड्याला उत्तर द्यायचा, "मेकॅनोच आहे. म्हणून तर सगळ्यांना बसते."

डेरेक सप्टेंबरअखेर मुलाकडे डेव्हनला कायमचा राहायला जाणार होता. जाण्यापूर्वी ही रायफल विकणार होता. "तुला हवी असेल तर तोवर थांबतो," तो म्हणाला. "पण पोलिसांचं सर्टिफिकेट तुझ्या हातात हवं. दुकानात मागायला गेलीस तर सहा महिन्यांची यादी आहे. एवढी मागणी आहे या रायफलींना."

सहा महिने. खांदा किती दिवस साथ देईल याचा डॉक्टरांचा अंदाजही त्याच सुमाराचा होता.

वीणाताईंनी फॉर्म भरला. दोन ओळखीच्या माणसांची शिफारस लागते, त्यातले एक मंडळाचे राजीव परांजपे. त्यांनी सही केली आणि फोन केला. "वहिनी, कमलाकरने इतकं काय केलंय हो? मला सांगा, मी समजावतो त्याला."

लंडनजवळच्या पिनरहून मीनलचा फोन आला. "आई, गन? सीरियसली? माझे फ्रेंड्सची आई योगा करतात."

"मी योगाही करते."

"तू कुठे ठेवणार तो? घरात?"

"ती, मीनल. रायफल ती असते."

"व्हॉटेव्हर! बाबा ओके आहेत का?"

बाबा ओके होते. कमलाकर खासनीस मशीनच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. जगातली प्रत्येक वस्तू आपापल्या जागी असावी आणि जागेवर लेबल असावं, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान. दाराशी एक फळी होती, तिच्यावर हुक आणि प्रत्येक हुकावर देवनागरीत चिठ्ठी: गॅरेज, शेड, शेजारी, मीनल–पिनर. रायफलीसाठी पोलादी कपाट आलं तेव्हा भिंतीत बोल्ट त्यांनीच ठोकले, पाणसळ लावून.

"अहो," वीणाताई म्हणाल्या होत्या, "किल्ली कुठे असते ते फक्त मलाच माहीत असायला हवं. कायदा आहे."

"हो हो," कमलाकर म्हणाले होते. चोरांना कळायला नको, असाच त्यांनी त्याचा अर्थ घेतला. नवऱ्याचा त्यात काही संबंध असेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला पोलिसांचा चौकशी अधिकारी घरी आला. हॉलिस नावाचा, शांत, दमलेला माणूस. त्याने चहा घेतला, चिवडा घेतला, प्रश्न विचारले. रायफल कशासाठी हवी? टार्गेट शूटिंग. सेल्फ-लोडिंगच का? वीणाताईंनी खांद्याचं आणि डाव्या हाताचं सांगितलं. त्याने मान डोलावून लिहून घेतलं. मग म्हणाला, "कपाट बघू या?"

वीणाताई स्वयंपाकघरात गेल्या. किल्ली त्यांनी मेतकुटाच्या बरणीच्या तळाशी ठेवली होती. बोटं घातली. मेतकूट होतं, किल्ली नव्हती. त्यांनी सगळं मेतकूट ताटात ओतलं.

"अगं, काय शोधतेस?" कमलाकर दारात येऊन म्हणाले. "किल्ली ना? काल मऊभातावर मेतकूट घ्यायला गेलो तर चमच्याला लागली. पडली असेल चुकून. धुऊन फळीवर लावली मी."

ते दाराशी गेले आणि हुकावरची किल्ली काढून हॉलिसच्या हातात देत हसून म्हणाले, "हिअर यू आर, ऑफिसर. लेबल्ड."

हॉलिसने चिठ्ठी बघितली. "काय लिहिलंय यावर?"

"वीणा–बंदूक," कमलाकर म्हणाले. "बंदूक मीन्स गन."

हॉलिसने पेन खाली ठेवलं.

"मिस्टर खासनीस," तो म्हणाला, "कायद्याच्या दृष्टीने तुम्ही परके आहात. ही किल्ली कुठे असते हे तुम्हाला ठाऊक असता कामा नये."

"मी परका?" कमलाकर म्हणाले. "आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झालीत."

"अभिनंदन," हॉलिस म्हणाला आणि ते त्याने मनापासून म्हटलं. "तरीही. मी पुन्हा येईन. मधे माझी रजा आहे. सप्टेंबरच्या मध्यावर."

तो गेल्यावर कमलाकर फळीसमोर उभे राहिले. त्यांनी ती चिठ्ठी काढली, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवली. "माझ्यामुळे गेली ना गं तुझी रायफल?"

वीणाताईंना रागावायचं होतं. त्यांनी कढई घासायला घेतली. "अजून गेली नाही," त्या म्हणाल्या.

त्या रात्रीपासून घरात एक वस्तू अशी होती जिची जागा कमलाकरांना माहीत नव्हती. सदतीस वर्षांत पहिलीच. वीणाताईंना ते दिसायचं. ते कपाटं पुसायचे आणि पुसताना आत डोकवायचे. चहाचे डबे हलवून बघायचे.

"अहो, शोधू नका."

"शोधत नाहीये. आवरतोय."

गुरुवारी क्लबात वीणाताई डेरेकच्या रायफलीवर दहा गोळ्या मारायच्या आणि ती पेटीत जाताना बघत राहायच्या. आवडते पाहुणे निघायची वेळ झाली की आपण दारात घुटमळतो, तसं. एकदा एका तरुणाने डेरेकला विचारलं, "विकणार म्हणे? मी आज घेतो." डेरेकने वीणाताईंकडे बघितलं आणि त्याला म्हणाला, "महिन्याच्या शेवटी विचार."

सतरा सप्टेंबरला हॉलिस आला. यावेळी त्याने चहाआधीच कमलाकरांना बाजूला घेतलं.

"मिस्टर खासनीस, किल्ली कुठे आहे?"

"ठाऊक नाही," कमलाकर म्हणाले. मग त्यांचा प्रामाणिकपणा उफाळून आला. "सहा आठवडे शोधतोय. छत सोडून सगळं बघितलं. मी या घरातला एकेक स्क्रू ओळखतो, ऑफिसर. सापडली नाही."

वीणाताईंनी डोळे मिटून घेतले. आता हा उठून जाणार.

हॉलिसने वहीत काहीतरी लिहिलं. त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. "बावीस वर्षांच्या नोकरीत," तो म्हणाला, "इतकी कसून तपासणी मीसुद्धा केलेली नाही."

सर्टिफिकेट अठ्ठावीस तारखेला पोस्टाने आलं. तीस तारखेला डेरेकने कागदावर नोंद करून रायफल दिली, पेटीसकट. जाताना त्याने खाचा मोजून दाखवल्या, जणू वीणाताईंना त्या ठाऊकच नव्हत्या. पहिल्या खाचेला त्याचा मुलगा, दुसरीला तो स्वतः, तिसरीला त्याची बायको, ती होती तोवर. "चौथी कुणाला लागली नव्हती," तो म्हणाला.

ऑक्टोबर ते जानेवारी वीणाताईंनी एकही गुरुवार चुकवला नाही. नोव्हेंबरात शंभरपैकी ब्याण्णव आले. कमलाकरांनी तो कागद लॅमिनेट केला. कधीकधी ते क्लबात येऊन मागच्या बाकावर बसायचे, कानांवर मोठे मफ घालून, आणि उडालेल्या पुंगळ्या वाकून गोळा करायचे. रायफलीला ते हात लावायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "मी परका."

फेब्रुवारीत थंडी वाढली आणि वीणाताईंच्या लक्षात आलं की पुढचा हात पुन्हा ताणावा लागतोय. आधी वाटलं जाड कोटामुळे असेल. कोट काढला. हाताची पकड इंचभर मागे घेतली. तरी ती कुरकुर आली, तीच. दस्ता चौथ्या खाचेवरच होता आणि त्यापुढे खाच नव्हती. त्या दिवशीच्या दहा गोळ्या त्यांनी पुऱ्या केल्या, दात आवळून. घरी आल्यावर त्यांनी कुणाला काही न सांगता टेप काढली आणि आरशासमोर उभं राहून खांद्यापासून तळव्यापर्यंत, हात जितका दुखेपर्यंत जाईल तितका, माप घेतलं. मग डेव्हनला फोन लावला.

"डेरेक? वीणा. हो, छान आहे. रायफल छान आहे. मला एक सांग. दस्त्याची ही मागची नळी कापून दस्ता अजून दोन इंच आखूड करणारं कुणी ओळखतोस का? आणि दोन इंच मिळाले, तर ते मला किती दिवस पुरतील?"