नणंदेला दिलेलं खापर

माझा भाऊ आखाजीला मला न्यायला धुळ्याहून आला होता आणि मी त्याला चार मांडे बांधून देऊन एकट्यालाच परत पाठवलं. आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण याच्या पासंगाला पुरेल असा दुसरा नाही.

ज्यांनी खानदेश पाहिलेला नाही त्यांना यात काय बिघडलं ते कळायचं नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे ती खरी सासुरवाशिणींची. वर्षभर राबलेली लेक माहेरी येते. कडुनिंबाला झोका टांगलेला असतो. ती झोके घेते, गाणी म्हणते, आईच्या हातचं जेवते आणि दुपारी दार लोटून झोपते. शेतावरच्या सालदाराचं सालसुद्धा आखाजीलाच संपतं. नवा करार होईपर्यंत तोही पाय पसरून बसतो. वर्षात एकदा सालदाराला आणि सुनेला मान वर करून बघायची सोय कोणीतरी शहाण्या माणसानं करून ठेवली होती. मालक, यंदा मी सुटी घेत नाही, असं म्हणणारा सालदार मी आजवर पाहिला नाही. ते म्हणणारी सून मात्र पाहिली. रोज आरशात दिसायची.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. आम्ही जळगावात राहत होतो, नवरा एका डाळ मिलच्या हपिसात होता. आळीत माझी ओळख एकच, मांडे करणारी. मांडा म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी. पुरण भरलेला गोळा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत वाढवायचा आणि पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काटक्यांच्या, जाळावर उपडं ठेवलेल्या मातीच्या खापरावर अल्लद टाकायचा. तो फाटला तर पुरण जाळात आणि अब्रू आळीत. माझा कधी फाटत नसे. आणि या गोष्टीचा त्या बाईला, म्हणजे तरुणपणीच्या मला, इतका गर्व होता की कुणी नुसतं "तुमच्यासारखा हात नाही हो" म्हटलं की ती पदर खोचून उभी. कुणाच्या बारशाला, कुणाच्या डोहाळजेवणाला, कुणाचे पाहुणे आले म्हणून. तिला कधी कुणी नाही म्हणताना ऐकलं नाही. काम करणारी म्हणून नाव झालं होतं, आणि ते नाव म्हणजे सगळ्यांच्या हातातली वेसण आहे हे त्या गाढवीला कळत नव्हतं.

वेसण कुठे ओढायची हे सगळ्यात नीट माझ्या नणंदेला माहीत होतं. नवऱ्याची थोरली बहीण. भुसावळला रेल्वे कॉलनीत दिलेली. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती आखाजीला माहेरी, म्हणजे आमच्याकडे यायची, आणि मी धुळ्याला जायचे. घरी सासूबाई मांडे करायच्या. जाड व्हायचे, पण पोटात जायचे. त्या वर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाला अक्का आली आणि भरल्या बायकांत माझा हात हातात घेऊन म्हणाली, "वहिनी, तुझा मांडा म्हणजे नुसती मलमल गं. यंदा तू धुळ्याला गेलीस तर माझ्या आखाजीत राम काय राहिला?"

बायका माझ्याकडे बघत होत्या. मी विरघळले. म्हटलं, "नाही जात अक्का. एवढं काय त्यात."

आठवून आजही हात शिवशिवतात. नणंदेवर नाही. जी बाई लाजत लाजत "एवढं काय त्यात" म्हणाली, तिच्यावर.

भाऊ आला तेव्हा मी गहू चाळत होते. त्यानं पिशवी ठेवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "चाल ताई, माय वाट दखी ऱ्हायनी."

मी जळगावकरीण झालेली. शुद्ध भाषेत म्हणाले, "अरे, इथं माझ्यावाचून अडेल रे."

"काय अडेल?"

"मांडे."

त्यानं माझ्या हातातल्या चाळणीकडे बघितलं. "आखाजीले मांड्यासाठे ऱ्हास का कोन्ही?" मांड्यांसाठी राहतं का कुणी, एवढंच त्याचं म्हणणं. मी त्याला गरम मांडे वाढले, आईसाठी फडक्यात बांधून दिले आणि बसस्टँडवर सोडायलासुद्धा गेले नाही, कारण कणीक मळायची होती.

मग आखाजी आली. जळगावचा उन्हाळा, पत्र्याचं न्हाणीघर, त्याला लागून चूल, चुलीवर खापर आणि खापरासमोर मी. शेजारच्या परसात कडुनिंबाला झोका, झोक्यावर अक्का. आखाजीच्या गाण्यांत सासू-नणंदांचा यथेच्छ उद्धार असतो. ती गाणी अक्का पोटतिडकीनं म्हणत होती आणि मधेच ओरडून मला सांगत होती, "वहिनी, दोन जास्तीचे टाक गं, पलीकडच्या काकू आल्यात." पलीकडच्या काकू आल्या, त्यांच्या जावा आल्या, मग कुणीतरी घरचं पुरणच घेऊन आलं. "तुमचं खापर तापलेलंच आहे, आमचेही होऊन जातील." झाले. सगळ्यांचे झाले. एकही फाटला नाही. सासूबाई मधे एकदा म्हणाल्या, "अगं, उरलेले लाटून तव्यावर टाकू." त्यांचं मी कशाला ऐकते.

अक्काचा मुक्काम होता तोवर हेच. ती निघायच्या दिवशी सकाळी वेणी घालायला गेले तर हात खांद्याच्या वर जाईना. दुसराही जाईना. चहाचा कप उचलला तर कप थरथरत बशीवर वाजायला लागला. सासूबाईंनी वेणी घातली, खांद्यांना तेल लावलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. अक्का बॅग भरत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढ्यात दमलीस होय वहिनी? मी तर पुढच्या आखाजीला जावांनाही आणणार होते तुझे मांडे खायला." ती हसली. मीही हसले. कप बशीवर वाजतच होता.

पुढे किती तरी दिवस मला धड काम होईना. भाकरी थापली की वेडीवाकडी, बादली उचलली की निम्मी सांडलेली. आळीतल्या बायका ज्या उत्साहानं पुरण घेऊन आल्या होत्या, त्यातली एकही पिठलं घेऊन आली नाही. अंगापेक्षा मनाचं वाईट झालं होतं. पिठाचा डबा उघडला की परत झाकून ठेवायचे. जे काम मला सगळ्यात आवडायचं त्याची शिसारी आली. नवरा शेवटी म्हणाला, "धुळ्याला जाऊन ये."

गेले. आईनं दारातच माझा हात हातात घेतला, पालथा केला, दाबून बघितला. "हाऊ हात शे का लाकूड?" म्हणाली. मागच्या दारी गेले तर निंब मोकळा होता. झोक्याचा दोर गुंडाळून खुंटीला लावलेला होता. मी दोराकडे बघत होते ते तिनं पाहिलं. "आखाजी सरी गई, बेटा," म्हणाली आणि आत निघून गेली. ती रडली असती तर मी कदाचित कुणालाच काही केलं नसतं. ती आत जाऊन माझ्यासाठी भाताचं आधण ठेवत बसली. त्या आधणाच्या आवाजात मी ठरवलं, अक्काची एक तरी आखाजी खायची.

सूड उगवायचा तर घाई करायची नाही. हे मात्र मला मांड्यानंच शिकवलं. खापर तापल्याशिवाय त्यावर काही टाकू नये.

संक्रांतीला अक्काच्या सासरी हळदीकुंकू होतं. मी कुंभाराकडे गेले आणि एक उत्तम खापर निवडून घेतलं. बोटानं वाजवून, कुठे तडा नाही ना हे पाहून. जुन्या लुगड्यात गुंडाळून पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाईनं विचारलं, "किती महिन्यांचं?" मी म्हटलं, "अजून नाव ठेवायचंय."

अक्काचं क्वार्टर बायकांनी भरलेलं. रेल्वेची वस्ती, त्यामुळे कुणी मद्रासकडची, कुणी बिहारची, कुणी आपली यावलची. मधे पाटावर अक्काच्या सासूबाई. त्या कडक होत्या. सुनेनं साखर जास्त घातली तरी कॉलनीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. मी सगळ्यांना तिळगूळ दिला, मग लुगडं सोडून खापर अक्कापुढे ठेवलं.

"हे काय गं?" अक्का म्हणाली.

"अक्का, तुमच्याकडे इथं खापर नाही म्हणून कळलं. म्हटलं, तुमच्यासारखीला खापराशिवाय करमणार कसं." मग मी तिच्या सासूकडे वळले. "मावशी, मी मांडे शिकले ते अक्कांच्या हाताखाली. माहेरी येतात तेव्हा आम्हाला खापराजवळ फिरकूसुद्धा देत नाहीत."

अक्कानं जन्मात गोळ्याला हात लावला नव्हता. पुरण शिजलं की चाखायला तेवढी यायची. पण सासरी तिनं कधीच्या काळी काय काय सांगून ठेवलं असणार याचा मला अंदाज होता, आणि अंदाज बरोबर निघाला. तिच्या तोंडाचा रंग बदलला, पण नाही म्हणायला तोंड उघडेना.

"तरीच," तिच्या सासूबाई म्हणाल्या. "इथं नुसती सांगत असते, आमच्या माहेरी असे मांडे करतात नि तसे करतात. आणि आम्हाला आजवर एकही नाही?"

"लाजतात हो," मी म्हटलं. "यंदा आखाजीला इथंच ठेवून घ्या आणि करायला लावा. ही सगळी मंडळीही बघतील, मांडा म्हणजे काय असतो."

मद्रासकडच्या बाईनं लगेच विचारलं, कितने बजे आना है. मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

निघताना अक्का दारापर्यंत आली. "वहिनी, हे काय केलंस?"

"अक्का, तुमचा मांडा म्हणजे नुसती मलमल," मी म्हटलं आणि रिक्षात बसले.

त्या आखाजीला भाऊ येण्याआधीच माझी पिशवी भरून दारात होती. धुळ्याला पोचले ती झोक्यावरच जाऊन बसले. पायाला माती लागली नाही इतके झोके घेतले. आईनं केलेले मांडे खाल्ले, सासूबाईंच्याहून जाड. दुपारी झोपायचे आणि मधेच जागी होऊन भुसावळचं चित्र डोळ्यांपुढे आणायचे. पऱ्हाट्या भडकल्यात. अक्काच्या कोपरावर पुरण चिकटलंय. कॉलनीच्या बायका ताटल्या घेऊन रांगेत बसल्यात. सासू म्हणतेय, अजून दोन टाक. मला हसू फुटायचं. आई विचारायची, "काब्रं हासी ऱ्हायनी?" मी म्हणायचे, "काही नाही, झोप छान झाली."

आणि झोप खरंच छान झाली होती. जळगावला परतले तेव्हा हात पुन्हा माझे झाले होते. गोळा हातावर घेतला तर तो आपोआप वाढत गेला. पुढे नव्वदनंतर लग्नकार्यातून लोक मांड्यांची ऑर्डर द्यायला लागले तेव्हा मी तोच धंदा केला, नातवंडं होईपर्यंत केला. खांदा जड झाला की चूल विझवायची. समोर कुणीही बसलेला असो, अगदी नवरदेवाचा बाप. आणि ज्या दिवशी सगळ्या जळगावाला मांडे हवे असायचे, त्या आखाजीला माझ्या दाराला कुलूप. लोक चिडायचे. "ऐन धंद्याच्या दिवशी कसल्या जाता माहेरी?" मी म्हणायचे, ऐन दिवशी जाते म्हणूनच उरलेलं वर्ष करते.

पण अक्काचं सांगायचं राहिलं. त्या आखाजीनंतर काही दिवसांनी ती जळगावला आली. मी मुद्दाम चहा तिच्या हातात दिला. कप बशीवर वाजतो का बघायला. वाजला नाही. हातावर डाग नाही, फोड नाही. उलट गाल भरल्यासारखे वाटले.

"मग अक्का, मांडे कसे झाले?"

"भिकार," ती म्हणाली. "पहिला जाळात गेला. दुसरा फाटून माझ्याच गळ्यात पडला. तिसरा सासूबाईंच्या नव्या लुगड्यावर. त्या म्हणाल्या, ऊठ तिथून, तुझ्यानं व्हायचं नाही. मी उठले. मग त्यांनीच पुऱ्या तळल्या."

"आणि तुम्ही?"

"मी रस-पुरी खाल्ली आणि झोपले. कुलरपाशी."

"एवढ्या बायकांपुढे लाज नाही वाटली?"

"वाटली की. संध्याकाळपर्यंत." तिनं चहात खारी बुडवली. "आता कोणी मला मांडे म्हणून म्हणत नाही. तुझ्या खापरात मोगरा लावलाय, बरा आलाय."

वर्षभर तापवलेलं खापर माझ्या डोळ्यांदेखत थंड झालं. मी जे मनात ठेवलं होतं ते सगळं बाहेर काढलं. मागची आखाजी, झोका, जास्तीचे दोन, पलीकडच्या काकू, धुळ्याचा दोर. तुमच्यापायी माझे हात गेले होते अक्का, म्हटलं. ती खारी संपेपर्यंत ऐकत राहिली. मग बोटांवरचा चुरा झटकला आणि म्हणाली, "अगं, तुला एक मांडा बिघडवता येत नाही, त्याला मी काय करू?"