समद्यांची छुट्टी

शिटी वाजली, पण फाटकातून कोणी आत आलं नाही. बॉयलरवरच्या आगवाल्यानं पुन्हा शिटी ओढली. तो मुंबईचा, आवारातच राहणारा, म्हणून तेवढा हजर. बॉयलर तापलेला, कपाशीच्या गाड्या दारात उभ्या, आणि जिनांसमोर एक बाई नाही.

"मॅनेजर, ये तो स्ट्राइक है," शेजारी उभे असलेले शेट म्हणाले.

ही गोष्ट माजलगावची, निजामाच्या राज्यातली. मी तिथल्या जिनिंग फॅक्टरीचा मॅनेजर होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणं; ते करणारं यंत्र म्हणजे जिन. ती रुई दाबून गाठी बांधायला प्रेस लागतो. तो आमच्याकडे नव्हता. माजलगावला लावावा की परभणीला, हे ठरवायला फॅक्टरीचे मालक शेट मुंबईहून आले होते. परभणीला रेल्वे होती. आमच्याकडे कापूस होता, सिंदफणेचं पाणी होतं, आणि तालुकदारसाहेबांनी, म्हणजे आताच्या भाषेत कलेक्टरांनी, जागा देऊ केली होती. प्रेस आला असता तर माणसांना हंगाम संपल्यावर पोटासाठी नगरकडे जावं लागलं नसतं. शेट खुशीत होते. इथं निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, हेही त्यांनी माझ्याकडून हौसेनं शिकून घेतलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी जिनावर काम करणारी गया गेली. जिनांच्या खालून एक लांब लोखंडी दांडा फिरतो, त्याला लाइनशाफ्ट म्हणतात. सगळी जिनं त्याच्यावर चालतात. खाली सांडलेली रुई गोळा करायला गया वाकली आणि तिचा पदर शाफ्टवर गुंडाळला गेला. इंजिन थांबेपर्यंत सगळं संपलं होतं. शाफ्टला आडोसा हवा असं मी हंगामाच्या सुरुवातीलाच मुंबईला कळवलं होतं. 'पुढल्या वर्षी बघू' असा निरोप आला होता.

शेट पांढरेफटक पडले. जाताजाता ते रघू मुकादमाला म्हणाले, "आज सबकी छुट्टी कर दो." मी तेव्हा गयाजवळ होतो.

आता हेच शेट टांगा जोडायला सांगत होते. "जहां लोग ऐसा करते हैं वहां मैं प्रेस लगाऊं? मैं परभणी चला."

"तासभर थांबा," मी म्हणालो आणि गयाच्या घराकडे सुटलो.

अंगणात सगळी जमली होती. मुकादमही खाली मान घालून बसला होता.

"रघू, तू कावून आला नाहीस?"

"कसा येऊ साहेब? शेटनं समद्यांची छुट्टी केली. त्यात मी बी आलोच की."

मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे एखाद्याची छुट्टी केली म्हणजे त्याला कामावरून काढलं. शेटना म्हणायचं होतं, आजचा दिवस सुटी द्या. त्यातला 'आज' गेला वाऱ्यावर आणि उरली नुसती छुट्टी.

मी समजावून सांगू लागलो. गयाची थोरली जाऊ पारूबाई मधेच उठली.

"बाई आमची मेली, आन् छुट्टी बी आमचीच? लई झालं साहेब. तुमचं बोलणं खरं आसंल. पन ज्यानं म्हनलं त्यानं येऊन सांगावं."

 तिचं मला पटलं.

परत आलो तेव्हा शेट टांग्यात बसले होते. मी घोड्यापुढे उभा राहिलो.

"शेट, तुम्ही जमीन पाहिली, पाणी पाहिलं, कापूस पाहिला. माणसं बघायची राहिली."

 नोकरी गेली असं मी धरून चाललो होतो. पण ते खाली उतरले.

गयाच्या अंगणात ते हात जोडून उभे राहिले. "किसी को निकाला नहीं. कल सब आना," एवढंच बोलले. मग गयाच्या नवऱ्यापुढे वाकले आणि निघताना, मी शिकवलेलं आठवून, म्हणाले, "येतो."

 मयताच्या घरातून निघताना कोणी 'येतो' म्हणत नाही. म्हटलं तर पुन्हा मयतासाठीच यावं लागतं, असं मानतात.  म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले.

पारूबाई तेवढी बोलली. "या शेट. पन आमच्या दारी न्हाई. त्या शाफ्टापाशी या, सुताराला घिऊन."

तिच्या बोलण्याचा आणि त्या 'येतो'चा अर्थ मी शेटना सांगितला. शेटचे डोळे भरून आले. त्यांनी मान हलवली.

सुताराचं काम होईपर्यंत बॉयलर थंड राहिला. गाडीवाल्यांनी बोंब मारली, पण शेट हलले नाहीत. मग शिटी वाजली. पहिली पारूबाई आली. तिनं शाफ्टसमोरच्या फळ्यांना लाथ घालून पाहिली, एकेक फळी हातानं ओढून पाहिली, मग जिनावर बसली. तिच्यामागून बाकीच्या आल्या.

पुढल्या हंगामात प्रेस माजलगावला आला. तालुकदारसाहेबांनी दिलेल्या जागेमुळे आला, असं गावातले पुढारी सांगत राहिले. सांगोत बापडे.

आमच्या जिनिंगमध्ये 'छुट्टी' हा शब्द मात्र बंद झाला. सुटी द्यायची असली की रघू मुकादम फाटकाशी उभा राहून एवढंच म्हणे, "उद्या या." बायाही "येतो" म्हणून घरी जात. गयाला तेवढं म्हणायला मिळालं नाही.