कलाबाईंची सातवी उशी

कलाबाईंनी कात्री हातात घेतली की घरातल्या लोकरीनं जीव मुठीत धरायचा! मेहकरात त्यांचं नवं घर झालं होतं. रविवारी भंतेजी वंदनेला येणार, नागपूरहून लेक महामाया सासूला घेऊन येणार. दिवाणावर जुन्या स्वेटरांच्या सात उशा मांडणार, असं बाईंनी फोनवर लेकीला सांगून टाकलं, लेकीनं सासूला. आता माघार कुठली?

सहा झाल्याही होत्या. महामायाचा शाळेतला निळा, जावयाचा धुऊन आटलेला पिवळा, असे एकेक बळी गेले. आधी कडेनं मशीनची दुहेरी शिलाई मारायची, मगच कापायचं, नाहीतर सगळं उसवत जातं. बटणं पुढं तशीच ठेवायची. आत भावाच्या शेतातला पिंजलेला कापूस. उशी अशी गुबगुबीत व्हायची की शेजारची अन्नपूर्णाबाई येता-जाता दाबून बघायची.

सातवीसाठी बाईंचा डोळा होता नवऱ्याच्या, दयारामांच्या मरून स्वेटरवर. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तो बाईंनी स्वतःच विणला होता, म्हणून तर त्यांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. पण दयाराम मोठे बेरकी. उशांचा कारखाना सुरू झाल्यापासून त्यांनी तो अंगातून काढलाच नाही. बाहेर फाल्गुनाचं ऊन, पंखा फुल्ल, आणि हा माणूस स्वेटरात!

"अवो, घामानं न्हाऊन राह्यले तुम्ही. काढा ना थो!"

"मले थंडी वाजते."

"आणि डावी बाही काऊन दुमडली मंग?"

"गिअरमंदी अडकते."

एसटीतून रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. घरात गिअर कुठून आला, देव जाणे! पण ती बाही कायमच दुमडलेली. सगळा डेपो म्हणायचा, ड्रायव्हरची सवय. हा एक कपडा धुवायचेही ते स्वतः. म्हणायचे, लोकर तुला जमत नाही.

शनिवारी सकाळी मात्र घामोळ्यांनी बेजार होऊन ते अंघोळीला गेले आणि स्वेटर खुंटीवर राहिला. बाईंनी झडपच घातली. मशीनपुढं सतरंजीवर पसरला, बाह्या सरळ केल्या, आणि हात थांबला. डावी बाही उजवीपेक्षा चांगली चार बोटं लांब!

पुन्हा वीत लावली. चारच बोटं. मग आठवलं. एक बाही माहेरपणाला गेल्यावर विणली होती, दुसरी सासरी परतून, अंदाजानं. पहिल्यांदा घातला तेव्हा दयाराम "झकास!" म्हणाले होते, बाही दुमडून तसेच ड्युटीवर गेले होते. अगं बाई, म्हणजे पस्तीस वर्षं हा माणूस गिअरच्या नावावर आपली विणण्यातली चूक झाकत होता! बाईंचे डोळे भरून आले. स्वतःचा रागही आला आणि त्यांचाही.

दयाराम टॉवेलावरच बाहेर आले. कात्री बघून त्यांचा चेहरा पडला.

"सांगितलं काऊन नाही हो मले?" बाई कडाडल्या.

"काय सांगू? तू लगेच उसवून टाकला असता."

ते खरंच होतं. बाईंनी कात्री डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

रविवारी महामायाच्या सासूबाईंनी दिवाणावरच्या उशा मोजल्या. "सहाच दिसून राह्यल्या?"

"सातवी यायच्या अंगात हाय," कलाबाई दयारामांकडे बोट दाखवत म्हणाल्या.

दयाराम घाम पुसत हसले. तेवढ्यात भंतेजी आल्याची हाक आली. ते लगबगीनं उठले, तशी डावी बाही सुटून बोटांवर आली. बाईंनी त्यांना दारातच थांबवलं, सगळ्यांसमोर त्यांचा हात हाती घेतला आणि ती बाही चार बोटं मोजून स्वतः दुमडून दिली.