करियाच्या गळ्यातलं इष्टलिंग

आज मल्लिनाथ गेला आणि मला बरं वाटलं.

शिव्या घालायच्या असतील तर आधी पूर्ण वाचा.

शेवटचे काही महिने त्याला एकच धास्ती होती. दुखण्याची नाही. हॉस्पिटलात मशीनखाली घेताना गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवतील आणि नेमकं तेवढ्यात आपण जाऊ, याची.

तसं झालं नाही. सकाळची लिंगपूजा उरकून, सुनेच्या हातचा चहा पिऊन, घरच्या खाटेवर गेला. अजून काय पाहिजे माणसाला?

लिंगावाचून त्याचं काय होतं, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून ही पोस्ट.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघं सोलापुरात एकाच गिरणीत कामाला. तो लिंगायत, मी धनगर. पाडव्याला सायकलवर श्रीशैलला जायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. सोलापूरहून थेट आंध्रातलं श्रीशैल! सायकली स्वतःच्या होत्या, एवढाच काय तो प्लॅन.

सोबत करिया. त्याचं काळं कुत्रं. आमच्या मेंढरांमागचं पिल्लू मीच त्याला दिलेलं. त्याच्या घरात भाकरी-आमटीवर वाढलं, त्यामुळे पक्कं शाकाहारी. चढ आला की पळायचं, उतार आला की कॅरिअरवरच्या पाटीत बसून रुबाबात गावं बघायचं.

दुधनी गाव मागे टाकलं आणि भर उन्हात मल्लिनाथची चेन तुटली. सायकल उलटी करून तो वाकला, तर गळ्यातल्या लिंगाचा दोराच तुटला. लिंगाची चांदीची डबी त्यानं वरच्यावर झेलली, पण उरलेला दोरा गळ्याला पुरेना.

आता आली का पंचाईत.

लिंग जमिनीवर ठेवायचं नाही. बेंबीच्या खाली न्यायचं नाही, म्हणजे विजारीचा खिसा बाद. बनियनला खिसा नाही. चेनला हात घातला की त्या काळ्या हातानं शिवायचं नाही.

मी हात पुढे केला.

"तू काल दुधनीत पावण्याकडं मटण हाणलंस की. तुज्याकडं कसं देऊ?"

"मग कुणाकडं देतोस?"

त्यानं करियाकडे पाहिलं. करियानं शेपूट हलवली.

आणि या शहाण्यानं इष्टलिंग कुत्र्याच्या गळपट्ट्याला बांधलं. का, तर ते शाकाहारी.

मी पोट धरून हसत होतो, तेवढ्यात समोरच्या माळावरून मेंढरं गेली. करियाच्या अंगातलं रक्त जागं झालं. पळालं ते दिसेनासंच झालं.

हाका मारून घसा बसला. मल्लिनाथ रस्त्याकडेच्या लिंबाखाली जाऊन बसला.

"लिंग मिळंपतूर अन्न न्हाय. पाणी बी न्हाय."

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. जुन्या लोकांत तशीच रीत. जीव गेला तरी चालेल. ओठ आधीच फुटलेले, शेजारी फिरकीचा तांब्या भरलेला, आणि हा त्याच्याकडे बघेना. मी दोनदा तांब्या पुढे केला, दोनदा त्यानं सारला. याला इथं मरताना बघावं लागणार की काय!

"बिऱ्या, हितं बसू नगं. करियाला बघ जा."

मी सायकल माळावर घातली. एरवी देवाला फारशी तसदी न देणारा मी, त्या दिवशी बिरोबा, खंडोबा, मल्लिकार्जुन सगळ्यांना एका दमात हाका मारल्या. जो मोकळा असेल तो येईल म्हटलं.

ऊन कललं तेव्हा मेंढरांचा तळ दिसला. कानडी धनगरांचा. मधोमध कोऱ्या घोंगडीवर करिया बसलेलं. कपाळाला भंडारा. गळ्यात डबी जशीच्या तशी. समोर म्हातारी माणसं हात जोडून.

"मल्लय्या बंदान," एक म्हातारी मला म्हणाली. मल्लय्या आलाय.

त्यांचा मल्लय्या म्हणजे आमचा खंडोबा, आणि श्रीशैलचा मल्लिकार्जुनही तोच. त्याचं कुत्रं गळ्यात लिंग घालून दारात आल्यावर ती माणसं दुसरं काय समजणार?

नैवेद्यही झाला होता. धनगरांचा नैवेद्य. ताटलीत हाडं उरली होती.

मी हाक मारली तसं करिया उठून आलं, सगळे पुन्हा त्याच्या पाया पडले. परतताना मला एकच घोर. लिंग मिळालं, पण हे ऐकल्यावर तो पाण्याला तोंड लावेल का? लपवालपवी मला जमत नाही. सगळं सरळ सांगून टाकलं.

मल्लिनाथनं करियाच्या कपाळावरचा भंडारा निरखला.

"पाया पडले व्हय त्याच्या?"

"व्हय."

"मटण खायच्या आदी का मागनं?"

"आदी बी. मागनं बी."

तो हसायला लागला. फुटल्या ओठातून रक्त आलं तरी हसतच होता. मग हात धुतले, लिंग तळहातावर घेतलं, तिथंच पूजा केली आणि तांब्या तोंडाला लावला.

त्याच्या घशाखाली पाणी उतरताना बघून मी रडलो. इतकं हायसं मला पुढं पोरं झाल्यावरसुद्धा वाटलं नाही.

चेन अजून तुटलेलीच होती. त्यानं डबी माझ्यापुढे धरली.

"धर."

"मी मटणवाला."

"धर म्हणलं की. कुत्र्यापाशी निभावलं, तुज्यापाशी बी निभावंल."

तोवर मला देव म्हणजे गिरणीतल्या साहेबासारखा वाटायचा. जरा चुकलं की खाडा मांडणार. त्या माळावर ती भीती गेली, ती आजतागायत आली नाही.

श्रीशैलला पोचलो का? पोचलो. दर्शनही झालं. पण मला देव विचाराल तर मी दुधनीच्या पुढचा माळच सांगेन.

आज दुपारी त्यांच्या रीतीप्रमाणे मल्लिनाथला बसवून, तळहातावर लिंग ठेवून माती दिली. मी मागे कडेला उभा होतो. त्यांच्या विधीत आपण कशाला लुडबुडायचं?

त्याचा थोरला शोधत आला.

"काका, पयली मूठ तुमी टाकायची. अप्पांनी सांगून ठेवलंय."

भाऊबंद उभे होते. स्वामी उभे होते. सगळे बाजूला सरले.

टाकली.

मल्ल्या, सुखानं गेलास, लई बरं झालं. श्रद्धांजली-बिद्धांजली मला लिहिता येत नाही.

जाऊन ये, गड्या.