कड वाळायच्या आत

शहागडला, हायवेच्या कडेला, मच्छिंद्र आठ वर्षं ट्रक रंगवत होता. फाळक्यावर मोर, कमळं, मालकाच्या पोरांची नावं. तेलरंगात हात साफ होता. चुकलं तर वाळू द्यायचं आणि वरून दुसरा रंग मारायचा. दहावी झालेली होती, म्हणून १९८४ साली, सव्विसाव्या वर्षी, त्याने जालन्यात चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला नाव घातलं. आठवडाभर तिकडे शिकायचं, शनिवारी घरी यायचं.

१९८६च्या उन्हाळ्यात तो एकाच विषयात नापास झाला. जलरंगातलं स्थिरचित्र. तांब्या, दोन कांदे आणि मागे कापड, एवढंच मांडलेलं होतं. त्याने तांब्याची चमक पांढऱ्या रंगाने काढली, कापडावर तीनदा ब्रश फिरवला आणि कागदाचा चिखल केला. ऑक्टोबरात फेरपरीक्षा होती. तीही गेली तर पदविका गेली आणि मास्तरकीही.

"पांढरा रंग पेटीतून काढून फेक," शिकवणारे तातेराव सर म्हणाले. "पांढरं म्हणजे कागद. तेवढी जागा सोडायची. तू चित्र काढून राह्यला का ट्रक?"

पांढरा फेकणं सोपं होतं. हात थांबवणं जमेना. पावसाळ्यात दर रविवारी तो ओसरीत पितळी गडवा आणि वांगी मांडून बसे. बायको केशरबाई वांगी मागायची, तो थांब म्हणायचा.

"थांबते," ती म्हणायची. "तुमचं चित्र होईस्तोर ह्याचं बियाणंच धरते."

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या होत्या. केशरबाई ओसरी सारवायला शेणाची बादली घेऊन आली आणि त्याच्यामागे उभी राहिली.

"आहो, तिथं परत कशाला हात लावून राह्यले?"

"डाग पडला."

"पडला तर पडू द्या. अर्धवट वाळल्यावर हात घातला का पोपडे निघतेत. मी असं सारवलं असतं तर तुमच्या मायनं मला माहेरी धाडलं असतं. उठा, मला जल्दी आहे."

तो उठला आणि दारात उभा राहून बघू लागला. ओल्या कडेला लागून पुढचा हात, ती कड वाळायच्या आत त्याच्या पुढचा, असं करत ती मागे मागे सरकत आली. फिरवलेल्या जागी पुन्हा हात नेला नाही. वाळल्यावर जमिनीत कुठे जोड दिसला नाही.

त्या दुपारी त्याने कागद तिरका धरला, ब्रश चांगला ओला घेतला आणि वरपासून खालपर्यंत न थांबता रंग उतरवला. पहिले चार कागद वाया गेले. पाचव्यावर जोड दिसला नाही.

फेरपरीक्षेत किटली, कापलेली पपई आणि हिरवं कापड होतं. किटलीची चमक त्याने कोरी सोडली. मग अर्धवट वाळलेल्या हिरव्यात ब्रशमधून पाण्याचा थेंब पडला. हात पुढे गेला होता. त्याने ब्रश खाली ठेवला, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि रंग वाळेपर्यंत बसून राहिला. डाग राहिला, पण भोवतालचं हिरवं स्वच्छ राहिलं.

तो पास झाला. पुढे राजूरजवळच्या एका शाळेत लागला. जलरंग कोणाकडे शिकलात, असं विचारलं की तो दोन नावं सांगायचा, बायकोचं आधी. तिच्यासमोर मात्र हे त्याने एकदाच सांगितलं, निकाल कळला त्या डिसेंबरातल्या दुपारी. ती रानात कापूस वेचत होती.

"झालो पास."

"बराबर बघितलं ना? दुसऱ्याचा नंबर असायचा."

"बिलकुल माझाच आहे. तुझ्यामुळं झालो, केशर."

तिने हातातला कापूस ओटीत टाकला.

"माझ्यामुळं झाले म्हणता," ती मग म्हणाली, "मंग एक ओळ वेचून द्या."

त्याने दिवस मावळेपर्यंत वेचलं. त्याच्या मागून येत ती बोंडांत राहिलेला कापूस काढत होती.